हात धुण्याचे प्रशिक्षण झाले, फलक लागले, तरी हात धुतले जात नाहीत. आता काय करावे?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. नाशिकच्या सातपूर भागातील ३० खाटांच्या प्रसूती व शस्त्रक्रिया रुग्णालयात आपण इनचार्ज सिस्टर आहात. गेल्या दोन महिन्यांत सिझेरियन झालेल्या तीन मातांच्या टाक्यांना पू झाला आणि त्यांतल्या एकीला पुन्हा दाखल करावे लागले. वर्षभरात दोनदा प्रशिक्षण झाले, प्रत्येक बेसिनवर फलक आहे, सॅनिटायझरही आणून ठेवलेला आहे. तरीही वॉर्डात उभे राहून पाहिले तर हात धुतले जात नाहीत. डॉक्टर म्हणतात सिस्टर ऐकत नाहीत, सिस्टर म्हणतात वेळ मिळत नाही, आणि व्यवस्थापन आता दंड आकारायचा व कॅमेरे लावायचे म्हणत आहे. हे करावे का, आणि करू नये तर दुसरे काय करावे, असे आपण विचारले आहे.

मी नाशिकमध्येच बावीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे आणि त्यांतली शेवटची तेरा वर्षे संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून गेली. त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे: दंड आणि कॅमेरे हे दोन्ही सध्या थांबवावेत, आणि तो पैसा व ती शक्ती प्रत्येक खाटेजवळ हँडरबची (पाण्याशिवाय हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाची) बाटली पोहोचवण्यात आणि ती रिकामी न राहू देण्यात घालावी. असे का म्हणते ते सविस्तर सांगते. पण त्याआधी एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे.

तीन जखमा चिघळल्या म्हणजे दोष हातांचाच असेल, असे आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. टाक्यांच्या जंतुसंसर्गाला कारणे अनेक असतात, आणि हात हे त्यांपैकी एक मोठे कारण असले तरी एकमेव नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तिन्ही केस पेपर शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पू तपासणीला पाठवला होता का आणि तिन्ही अहवालांत एकच जंतू आला का; शस्त्रक्रिया एकाच आठवड्यात, एकाच टीमकडून झाल्या का; प्रतिजैविकाचा डोस चीर देण्यापूर्वी दिला गेला की गडबडीत नंतर; पोटावरचे केस ब्लेडने काढले होते का (ब्लेडने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि तिथे जंतू घर करतात, म्हणून केस काढावेच लागले तर क्लिपरने काढावेत); आणि वाफेने उपकरणे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची जैविक चाचणी शेवटची कधी झाली, हे सर्व लिहून काढावे. पू कितव्या दिवशी दिसला हेही महत्त्वाचे आहे. शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांच्या आत झालेला टाक्यांचा संसर्ग आपण रुग्णालयाच्या खात्यात धरतो, मग तो माता घरी गेल्यावर का दिसेना. तिन्ही अहवालांत एकच जंतू दिसला आणि तो त्याच त्याच प्रतिजैविकांना दाद देत नाही असे आढळले, तर कुठून तरी एकाच ठिकाणाहून तो पसरत आहे, असा संशय घेऊन हात, ड्रेसिंग ट्रॉली आणि ऑपरेशन थिएटर या तिन्हींकडे एकदमच पाहावे लागेल. जंतू वेगवेगळे निघाले, तर रोजच्या कामातील सवयींकडे अधिक लक्ष द्यावे. दोन्ही प्रसंगी हातांचे काम करावेच लागणार आहे, म्हणून अहवालांची वाट पाहत थांबू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येते. आपल्या लिखाणातून असे वाटते की कर्मचाऱ्यांना माहिती नाही किंवा त्यांची इच्छा नाही, असा सर्वांचा समज झाला आहे. माझा अनुभव वेगळा आहे. काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयाच्या प्रसूतिपश्चात वॉर्डात मी सकाळी आठ वाजता वही घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. ड्युटीवरच्या सिस्टरने पहिल्या खाटेवरच्या मातेच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, सलाईनचा वेग कमी केला, खिशातला मोबाईल वाजला तो काढून पाहिला आणि परत ठेवला, खाली वाकून लघवीची पिशवी रिकामी केली, भांडे नेऊन ठेवले, आणि परत येताना शेजारच्या खाटेवरच्या बाळाची दुपट्यातली नाळ उघडून पाहिली. हे सर्व सहा-सात मिनिटांत झाले. मधे एकदाही हात स्वच्छ झाले नाहीत. सॅनिटायझरची बाटली नर्सिंग स्टेशनवर, रजिस्टरांच्या चळतीमागे होती. त्या खाटेपासून तिथपर्यंत मी पावले मोजली, ती एकोणीस भरली. पाळी संपल्यावर मी त्याच सिस्टरला हात केव्हा स्वच्छ करावेत ते विचारले, तेव्हा तिने ठरलेले पाचही प्रसंग (ते पुढे दिले आहेत) एका दमात, क्रमाने, बिनचूक सांगितले. तिला आणखी एक प्रशिक्षण देऊन काय साधले असते? बाटली एकोणीस पावलांवर राहिली असती, तर काहीच नाही.

वेळ नाही ही सिस्टरांची तक्रार सबब समजून उडवून लावू नये. ती हिशेब करून पाहण्यासारखी आहे. एका पाळीत एका सिस्टरकडे बारा रुग्ण असतील आणि प्रत्येक रुग्णामागे कमीत कमी चार वेळा हात स्वच्छ करण्याची गरज पडत असेल, तर ४८ वेळा झाले. साबणाने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. बेसिनपर्यंत जाणे, येणे आणि हात कोरडे करणे धरले तर प्रत्येक वेळी दीड मिनिट सहज जाते, म्हणजे पाळीतील ७२ मिनिटे नुसती हात धुण्यात. कोणतीही सिस्टर हे करू शकणार नाही, आणि करू लागली तर रुग्णांची औषधे राहतील. हँडरब चोळायला २० ते ३० सेकंद पुरतात आणि तो खाटेच्या कडेलाच असेल तर चालण्याचा वेळ लागत नाही. तेच ४८ प्रसंग साधारण २० मिनिटांत बसतात, आणि तीही रुग्णाशी बोलत बोलत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील तेव्हा हँडरबलाच प्राधान्य दिले आहे. त्यात वेळेची बचत आहे, आणि बहुतेक जंतूंवर अल्कोहोलचा परिणाम साध्या साबणापेक्षा अधिक चांगला होतो.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम या संदर्भात प्रत्येक इनचार्ज सिस्टरला ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. त्यांनी १९९४ च्या अखेरीपासून हँडरब खाटेजवळ आणि कर्मचाऱ्यांच्या खिशात आणला, वॉर्डांत फलक लावले आणि वरिष्ठांनी त्यात उघडपणे भाग घेतला. तेव्हा योग्य प्रसंगी हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ टक्के होते, ते १९९७ पर्यंत ६६ टक्के झाले. त्याच सुमारास रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले आणि हँडरबचा खप १,००० रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस) ३.५ लिटरवरून १५.४ लिटरवर गेला. साबणाने हात धुण्याचे प्रमाण मात्र जवळपास होते तेवढेच राहिले. वाढ झाली ती हँडरबमुळे. आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात नोंदलेली आहे, ती आपल्या उपयोगाची आहे: परिचारिकांमध्ये चांगली सुधारणा झाली, डॉक्टरांमध्ये फारशी झाली नाही. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

आता आपल्या रुग्णालयापुरता हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यमापनाच्या चौकटीत १,००० रुग्णदिवसांमागे किमान २० लिटर हँडरब वापरला जावा असे धरले आहे. आपल्या ३० खाटांपैकी रोज सरासरी २० भरलेल्या असतात असे मानले, तर महिन्याचे ६०० रुग्णदिवस होतात आणि त्यांना १२ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्या लागायला हव्यात. एका वेळी साधारण ३ मिलिलिटर लागते असे धरले, तर १२ लिटरमध्ये ४,००० वेळा हात चोळले जातात. म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला जेमतेम सात वेळा. हे काही फार नाही. आपल्या स्टोअरचे रजिस्टर काढून गेल्या तीन महिन्यांत किती बाटल्या वॉर्डात गेल्या ते पाहावे. मी ज्या ज्या छोट्या रुग्णालयांत हे रजिस्टर उघडून पाहिले, तिथे बहुतेक ठिकाणी आकडा चार-पाच बाटल्यांच्या पुढे गेलेला नव्हता, आणि त्यातही बराचसा ओपीडीच्या टेबलावर संपत होता. हा आकडा व्यवस्थापनापुढे ठेवला की दंडाची चर्चा आपोआप मागे पडते, कारण न दिलेल्या वस्तूच्या न केलेल्या वापराबद्दल दंड कसा घेणार?

बाटली कोठे ठेवावी याचा माझा नियम असा आहे की हात जिथे आपोआप जातो तिथे ती असावी. खाटेच्या पायथ्याच्या दांड्याला अडकवायचे तारेचे स्टँड कोणत्याही फॅब्रिकेटरकडे करून मिळते, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक परिसरात तर त्याची मुळीच वानवा नाही. ड्रेसिंग ट्रॉलीवर वरच्या कप्प्यात उजव्या हाताला, इंजेक्शन भरण्याच्या टेबलावर, लेबर रूमच्या टेबलाजवळ, बाळाच्या वॉर्मरला आणि वॉर्डाच्या दाराशी एकेक बाटली असावी. स्टँड बसवण्यापूर्वी त्या वॉर्डातील दोन सिस्टर आणि एका मावशीला (मदतनीस बाईला) बरोबर घेऊन जागा ठरवावी. मी एकदा स्वतःच्या मनाने डाव्या बाजूला बसवलेली सर्व स्टँड पंधरा दिवसांत काढून उजवीकडे न्यावी लागली, कारण डावीकडे सलाईनचा स्टँड येत होता आणि बाटलीपर्यंत हातच पोहोचत नव्हता.

खरेदी करताना लेबल वाचावे. सॅनिटायझर या नावाखाली अल्कोहोल नसलेली, सुवासिक आणि स्वस्त द्रावणे सर्रास मिळतात. ती वॉर्डात नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन सूत्रांपैकी एकात ८० टक्के इथेनॉल आणि दुसऱ्यात ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते, आणि दोन्हींत त्वचेसाठी १.४५ टक्के ग्लिसरॉल व द्रावणात किंवा बाटलीत आलेले बीजाणू (जंतूंची टणक कवचातली सुप्त रूपे) नष्ट करण्यासाठी ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. या सूत्राने रुग्णालयातच हँडरब तयार करता येतो, पण स्पिरिटचा साठा, परवाना आणि आगीची खबरदारी पाहता ३० खाटांच्या रुग्णालयाने तो विकतच घ्यावा असे मला वाटते. अर्धी रिकामी बाटली वरून भरत राहण्याची सवय मात्र ताबडतोब मोडावी. बाटली पूर्ण संपली की धुऊन, कोरडी करून, भरल्याची तारीख घालूनच पुन्हा भरावी. हाच नियम पातळ साबणाच्या बाटलीलाही लागू आहे, किंबहुना अधिक कडक लागू आहे, कारण पाणी घालून वाढवलेल्या साबणात जंतू वाढतात आणि मग हात धुणेच हात दूषित करते. थिएटरमध्ये कॉटरी (विजेच्या उष्णतेने रक्तस्राव थांबवण्याचे साधन) वापरण्यापूर्वी हातावरचे अल्कोहोल पूर्ण वाळलेले असले पाहिजे, हे नव्या मुलींना आवर्जून सांगावे.

साबण-पाण्याची जागा हँडरब सर्वत्र घेऊ शकत नाही. हाताला रक्त, पू, विष्ठा किंवा कोणतीही घाण लागलेली दिसत असेल, शौचालयातून आल्यावर, आणि जुलाबाच्या रुग्णाची सेवा केल्यावर साबणानेच हात धुवावेत. जुलाब करणाऱ्या क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल (पूर्वीचे नाव क्लोस्ट्रिडियम डिफिसिल) सारख्या जंतूंच्या बीजाणूंवर अल्कोहोलचा परिणाम होत नाही, ते चोळून आणि धुऊनच हातावरून काढावे लागतात. बेसिन किमान दहा खाटांमागे एक असावे, नळ कोपराने उघडणारा असावा आणि खाली बादल्या व मॉप ठेवलेले नसावेत. माझ्या मते आपल्याकडच्या बेसिनांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे शेजारच्या खिळ्यावर लटकणारा सर्वांचा एक नॅपकिन. सकाळी कोरडा असलेला तो दुपारी ओला गच्च होतो, आणि धुतलेला प्रत्येक हात आधीच्या सर्व हातांवर जाऊन टेकतो. कागदी टॉवेल परवडत नसतील तर जुन्या सुती चादरी फाडून वीत-वीत लांबीचे तुकडे शिवून घ्यावेत, ते रोज धुऊन, वाळवून एका झाकणाच्या डब्यात ठेवावेत, आणि एकदा हात पुसला की तुकडा खालच्या बादलीत धुण्यासाठी टाकावा. मी हे अनेक ठिकाणी करून पाहिले आहे. शिलाईच्या खर्चापलीकडे याला खर्च येत नाही.

आता पाच प्रसंगांविषयी. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, स्वच्छ किंवा निर्जंतुक काम करण्यापूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर, हे पाच सर्वांना पाठ असतात. पण वॉर्डात बसून पाहिले तर दिसते की ‘नंतर’चे प्रसंग बऱ्यापैकी पाळले जातात आणि ‘पूर्वी’चे सुटतात. याचे कारण मानवी आहे: काम झाल्यावर आपल्यालाच हात घाण वाटतो आणि तो धुवावासा वाटतो, कामाआधी हात आपल्या डोळ्यांना स्वच्छच दिसतो. रुग्णाचे संरक्षण मात्र मुख्यतः ‘पूर्वी’च्या दोन प्रसंगांत आहे. म्हणून सर्व पाच प्रसंगांवर एकदम जोर न देता पहिले दोन महिने फक्त एकच गोष्ट हातात घ्यावी: टाक्यांना, इंट्राकॅथला (शिरेत बसवलेल्या सलाईनच्या नळीला), लघवीच्या नळीला आणि बाळाच्या नाळेला हात लावण्याच्या अगदी आधी हँडरब. ‘अगदी आधी’ याचा अर्थ पडदा ओढल्यानंतर, ट्रॉली सरकवल्यानंतर, चष्मा वर केल्यानंतर. हात चोळून मग पडदा ओढला तर ते चोळणे वाया गेले. हा क्रम शब्दांत सांगून समजत नाही, प्रत्यक्ष ड्रेसिंग करताना शेजारी उभे राहून दाखवावा लागतो.

चोळण्याची पद्धत शिकवण्यासाठी माझा एक साधा प्रयोग आहे. हातमोजे घालायला लावावेत, तळहातावर चमचाभर पोस्टर कलर ओतावा, डोळे मिटायला सांगावेत आणि नेहमीप्रमाणे हात चोळायला लावावेत. डोळे उघडल्यावर दोन्ही अंगठे, बोटांची टोके आणि बोटांमधल्या बेचक्या पांढऱ्याच्या पांढऱ्या राहिलेल्या असतात. नाडी पाहणारी, सुई धरणारी, नाळेला लागणारी तीच टोके. एवढे पाहिल्यावर भाषणाची गरज राहत नाही. मी पाहिले आहे की दुसऱ्या दिवशी सिस्टर आपण होऊन अंगठा मुठीत धरून फिरवतात.

हातमोज्यांविषयी थोडेच सांगते. एकच मोजा घालून चार रुग्णांचे इंजेक्शन देणे हे उघड्या हातांपेक्षा वाईट, कारण मोजा घातलेल्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असे वाटते आणि हात स्वच्छ करण्याची आठवणच राहत नाही. मोजा रुग्णागणिक बदलावा, आणि काढल्यावर हँडरब लावावाच.

नाशिकच्या थंडीचा विषय बाहेरच्या तज्ज्ञांच्या व्याख्यानांत कधी येत नाही, म्हणून तो मी मुद्दाम मांडते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या पाळीला नळाचे पाणी बर्फासारखे असते, हात उकलतात, आणि उकललेल्या कातडीवर हँडरब लागला की चरचरते. मग सिस्टर म्हणतात, या औषधाने हात खराब झाले. प्रत्यक्षात कातडीतील स्निग्धता मुख्यतः वारंवार लागणाऱ्या साबणाने जाते. ग्लिसरॉल असलेला हँडरब त्या मानाने सौम्य असतो, पण भेगांवर झोंबतो म्हणून दोष त्याच्या माथी येतो. साबणाने धुऊन लगेच वर हँडरब लावण्याची दुहेरी सवय असेल तर ती बंद करावी, धुतलेले हात पूर्ण कोरडे करावेत, आणि पाळी सुरू होताना व संपताना लावायला तेलकट नसलेले क्रीम रुग्णालयाने पुरवावे. तेलकट मलमांनी लॅटेक्सचे मोजे कमकुवत होतात. ज्यांना खरोखर पुरळ किंवा जखमा झाल्या असतील त्यांना चार दिवस टाक्यांच्या कामापासून दूर ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मी एका थंडीत एका वॉर्डासाठी क्रीमची बाटली ठेवून घेतली, तेव्हा हँडरबचा खप वाढलेला त्याच महिन्याच्या रजिस्टरात दिसला.

याच ओघात मनगटाचा विषय येतो. अंगठ्या, काचेच्या बांगड्या आणि घड्याळ यांच्याखाली चोळलेले पोहोचत नाही, आणि नखे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असावीत. आपल्याकडे त्यात मनगटावरच्या दोऱ्यांची भर पडते: राखी, वणीच्या गडावरून आणलेला दोरा, त्र्यंबकेश्वरला बांधलेला धागा. तो ओला होतो, वाळतो, पुन्हा ओला होतो, आणि महिना महिना हातावर राहतो. कोणाच्या श्रद्धेला धक्का लावून हे काम होत नाही. मी इतकेच सांगत आले की दोरा दंडावर कोपराच्या वर बांधा किंवा गळ्यात घाला. देवीला त्याने काही उणे होत नाही आणि बाळाला त्याचा उपयोग होतो. बहुतेक जणींनी ते आनंदाने ऐकले आहे. सौभाग्याच्या बांगड्यांविषयीही हुकूम न काढता ज्येष्ठ सिस्टरने पाळीच्या सुरुवातीला स्वतःच्या काढून पर्समध्ये ठेवाव्यात, हे अधिक परिणामकारक ठरते.

आता डॉक्टरांविषयी, कारण आपल्या प्रश्नातील खरा अवघड भाग हाच आहे. राउंडवर मोठे डॉक्टर हात न चोळता एका जखमेवरून दुसऱ्या जखमेवर गेले, तर मागे उभ्या असलेल्या सिस्टर, कनिष्ठ डॉक्टर आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनी फलकावर काय लिहिले आहे ते विसरतात आणि सरांनी काय केले ते लक्षात ठेवतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळलाच आहे, शहरात शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत, आणि ती वॉर्डातूनच शिकतात. सिस्टरने सर्वांसमोर सरांना टोकणे आपल्या व्यवस्थेत जवळजवळ अशक्य आहे, हे मी मान्य करते. तसे करा असे सांगून मी आपल्याला अडचणीत टाकणार नाही. त्याऐवजी आम्ही असे केले: व्यवस्थापनातील मुख्य डॉक्टरांना आधी एकट्यात भेटून राउंडचा एक नियम ठरवून घेतला, की ट्रॉलीबरोबरची सिस्टर प्रत्येक खाटेपाशी पडदा ओढल्यावर काहीही न बोलता हँडरबची बाटली पुढे धरील आणि डॉक्टर हात पुढे करतील. पहिल्या राउंडला तिसऱ्या खाटेजवळ एक भेटीचे सर्जन घाईत होते, त्यांनी थेट ड्रेसिंगची पट्टी धरली. सिस्टर बाटली धरून तशीच उभी राहिली. दोन-तीन सेकंद कोणी हलले नाही. मग त्यांनी पट्टी सोडली, हात पुढे केला आणि म्हणाले, “सिस्टर, द्या.” त्या दिवसानंतर त्या वॉर्डात बाटली पुढे करणे हा कामाचाच भाग झाला, त्यात कोणाला अपमान वाटेनासा झाला. आपल्या रुग्णालयाचे मालक डॉक्टर स्वतः यासाठी तयार झाले तर अर्धे काम झाले असे समजावे. ते तयार नसतील तर प्रगती होईल, पण हळू होईल.

दंडाला माझा विरोध आहे तो यासाठी की दंड लागला की चुका लपवल्या जातात, आणि टाक्याला पू दिसला तरी तो उशिरा कळवला जातो. कॅमेऱ्यात हात चोळला की नुसता पुसला ते कळत नाही, आणि प्रसूतीच्या वॉर्डात मातांच्या अंगावर कॅमेरा रोखणे मला योग्य वाटत नाही. मोजमाप मात्र हवे. आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी, साधारण २० मिनिटे वॉर्डात बसून हात स्वच्छ करण्याचे किती प्रसंग आले आणि किती वेळा ते केले गेले, एवढेच नोंदवावे. नावे लिहू नयेत. एका कालखंडात एका विभागाचे २०० प्रसंग नोंदवावेत अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे. छोट्या रुग्णालयात त्याला दोन-तीन महिने लागतील, त्याची घाई करू नये. आपण समोर बसलो की सर्व जण अधिक हात चोळतात, हेही गृहीत धरावे, आणि म्हणूनच निरीक्षणाच्या आकड्याशेजारी हँडरबच्या खपाचा आकडा ठेवावा. तो कोणी पाहत नसतानाचाही हिशेब देतो. हे दोन आकडे दर सोमवारी चेंजिंग रूममधल्या फळ्यावर खडूने लिहावेत. एखादी सिस्टर सातत्याने चुकत असेल तर तिला बाजूला घेऊन, एकटीलाच, काय अडचण आहे ते विचारावे. पुष्कळदा अडचण खरी असते.

मावशी आणि मामांना आपण प्रशिक्षणाला बोलावले होते का, हे आपण लिहिलेले नाही. भांडे देणे, चादर बदलणे, मातेला बसवणे, बाळाला आईजवळ नेणे हे सर्व त्यांच्या हातून होते, त्यामुळे पोस्टर कलरचा प्रयोग आधी त्यांच्याबरोबर करावा. नातेवाइकांचेही तसेच आहे. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून आलेल्या मातेबरोबर आई, सासू, नणंद अशा तिघी-चौघी असतात आणि बाळ या हातातून त्या हातात फिरते. त्यांना फलक दाखवण्यापेक्षा दाखल होतानाच सासूबाईंच्या हातावर हँडरब घालून, “मावशी, बाळाला घेण्याआधी प्रत्येकीने हे लावायचे, आणि ते तुम्ही पाहायचे,” असे सांगावे. ती जबाबदारी त्या फार मनापासून सांभाळतात. रुग्णांनी डॉक्टरांना हात धुतले का असे विचारावे, अशी अपेक्षा मात्र मी ठेवत नाही. आपल्याकडची माता ते विचारणार नाही, आणि ते ओझे तिच्यावर टाकूही नये.

किती दिवसांत फरक दिसेल हे आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे. हँडरबचा खप पहिल्या महिन्यातच वाढलेला दिसला पाहिजे. तो वाढला नाही तर बाटल्या चुकीच्या जागी आहेत किंवा रिकाम्या राहत आहेत असे समजून आधी ते दुरुस्त करावे. टाक्यांच्या संसर्गाचा आकडा मात्र महिन्यावर तोलू नये. महिन्याला पंचवीस-तीस सिझेरियन होत असतील तर एखाद-दुसऱ्या केसने टक्केवारी वरखाली होते. निदान सहा महिन्यांचा, आणि माता घरी गेल्यावरही शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत फोन करून घेतलेला हिशेब हाताशी असावा. तो फोन कोणी करायचा हे आजच ठरवावे, नाहीतर ते राहून जाते.

या आठवड्यात तिन्ही केस पेपर, स्टोअरचे रजिस्टर आणि वॉर्डाचा हाताने काढलेला एक नकाशा, त्यावर खाटा, बेसिन व आज जिथे आहेत त्या बाटल्या खुणेने दाखवून, असे तीन कागद तयार ठेवावेत. रुग्णांची नावे झाकून ते कळवलेत, तर स्टँड कोणत्या जागी बसवावेत आणि पू नेमका कशामुळे झाला असावा यावर मला अधिक नेमके सांगता येईल.